वापरलेली कार्डं

अप्पा बळवंत चौकातल्या बोळात, तिसऱ्या टपरीवर
जीआरईची कार्डं मिळाली, बुटांच्या खोक्यात,
रबरबँडसकट दोनशे ऐंशीला.
नवा संच परवडला असता तसा,
पण फी भरल्यापासून
मी रिक्षासुद्धा डॉलरमध्ये मोजते.

झाकणाच्या आत, बॉलपेननं: सु. न. खिलारे.
मुलगा की मुलगी, कधीची बॅच,
गेले का शेवटी कुठे,
काही नाही.

नवी पेठेतली अभ्यासिका, टेबल एकोणीस.
डावीकडे पीएसआय, उजवीकडे तहसीलदार,
म्हणजे होणार आहेत.
मधे मी, क्लेम डिपार्टमेंटमधून सुटून साडेसातला,
ओठ मिटून इंग्रजी घोकणारी.
"तुमची जाहिरात कधी येते, मॅडम?"
आमची जाहिरात नसते, म्हटलं,
पैसे भरले की परीक्षा.
तहसीलदार बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

कार्डाच्या पाठीवर छापील अर्थ, आणि त्याखाली
पेन्सिलीनं, बारीक, डावीकडे कललेलं मराठी.
गॅरुलस: गारुडी. सिंधूमावशी, एसटीत, स्वारगेट ते सासवड.
लॅकोनिक: लाख विचारा, कोनाड्याशेजारी बसून "हं". बाबा.
मी हसले. पीएसआयनं मान वर केली.

लुगुब्रियस: लुगडं. पदर तोंडात. आई, मे महिना.
इथं मी पुढचं कार्ड उलटायची थांबले.
पंखा फिरत होता, कुणाचा तरी डबा उघडल्याचा वास आला, लसणाचा.
मॉलिफाय: मलई. धाकटीला साय-साखर,
म्हणजे विचारणार नाही.
मॉरिबंड: मरी, बंद.
यापुढे माणूस लिहिलेलं नव्हतं.
"बंद" तेवढं दोनदा गिरवलेलं.

नंतरची कार्डं कोरी.
एन, ओ, पी, थेट झेडपर्यंत,
कडासुद्धा मळलेल्या नाहीत.

अकराला दिवे गेले.
भुर्जीच्या गाडीपाशी उभी राहून फोनवर शोधलं:
खिलारे खूप निघाले.
एक दातांचे डॉक्टर, एक ट्रॅक्टरवाले, एक बाई योगासनात.
विचारणार तरी काय होते?
मेसेज लिहिला, "तुमचे बाबा" इथपर्यंत,
आणि पुसला.

दुसऱ्या दिवसापासून मीच लिहायला लागले.
पेन्सिल नव्हती. क्लेमच्या कागदांवर ती चालत नाही.
पॅर्सिमोनियस: पार्सल, मोजून. मेसच्या घाटपांडेकाकू, भात.
क्वेर्युलस: कुरकुर. धायरीची लिफ्ट आणि तिच्यातले शेजारी.
रेटिसेंट: कितीही रेटा, सांगणार नाही. मी.
घरी अजून बोलले नाहीये.
सॅटर्नाइन: शनी. आमचे साहेब, तेल वाहूनही तसेच.
हे शेवटचं वाचून तहसीलदार इतका खोकला
की त्याला बाहेर काढलं.

परीक्षा विमाननगरला.
घड्याळ, कानातलं, रुमाल, सगळं लॉकरमध्ये.
दुसऱ्या भागात कुठल्याशा राजदूताबद्दल वाक्य होतं,
मधे गाळलेली जागा, खाली पाच शब्द,
पाचही ओळखीचे आणि पाचांचीही नावं विसरलेली,
लग्नातल्या नातेवाइकांसारखी.
घड्याळ उलटं पळत होतं.
तेवढ्यात, मी कधी न पाहिलेल्या घरात,
कधी न पाहिलेला माणूस
कोनाड्याशेजारी बसलेला दिसला.
मी विचारलं.
"हं," म्हणाला.
मी क्लिक केलं.

निकालानंतर खोकं घेऊन त्याच टपरीवर गेले.
त्यानं चार कार्डं चाळली, मग आणखी चार.
"पेन्सिल खोडता येते, ताई.
पेनाचं कोण घेणार?
एमपर्यंतची ठेवा, सव्वाशे देतो."
मी म्हटलं, सुटी विकायची नाहीत.
त्यानं खांदे उडवले
आणि बारावीच्या मुलाकडे वळला.

खोकं आहे माझ्याकडे, गादीखाली.
सु. न. खिलारे,
व्हीनंतरची माझीही कोरीच राहिली.