नाळे बर्री

प्रज्वल विचारतो, मामा, तुम्ही लिस्ट कुठून जमवलीत?
मी म्हणतो, लग्नपत्रिकांतून.
रिसालदार गल्लीत दस्तगीरच्या छापखान्यात
चुकलेल्या पत्रिकांचे गठ्ठे रद्दीला निघायचे,
मी किलोच्या भावाने उचलायचो.
नवरीचं नाव, सासरचं गाव, तालुका.
नवा संसार, नवी मोरी,
मोरीच्या कोनाड्यात मंजनाचा डबा.
एवढंच माझं शास्त्र.

त्याआधी दारोदार.
सायकलला दोन पिशव्या; निपाणी, संकेश्वर, हुक्केरी.
पाटी वाचून भाषा ठरवायची नाही
हे पहिल्याच आठवड्यात कळलं:
कुलकर्णी कन्नडात हाकलतात,
हिरेमठांची सून कोल्हापूरची निघते,
पाणी देते, माहेरचं बोलते, डबा घेत नाही.
मराठीत ‘उद्या या’ म्हणजे नको.
कन्नडात ‘नाळे बर्री’ म्हणजेही नकोच,
फक्त त्यातली ‘री’ इतकी मऊ
की मी एका दारात तीनदा परत गेलो.

मग कार्डं. एक पंधरा पैशांना.
पाचशे मराठीत, पाचशे कन्नडात.
विडी वळणाऱ्या बायकांना मोठ्या टायपात छापलं,
मिसरी सोडा, दात वाचवा.
उत्तरं आली अकरा. त्यातली दोन शिव्यांची.
उपदेश कोण विकत घेतं, बाबा?
तो घरात फुकट, आणि पोटभर.
पुढच्या खेपेला एवढंच लिहिलं:
एक डबा, तीन महिने.
पार्सलावर मालाचं नाव नसेल.
एकशे चाळीस व्ही.पी. सुटल्या.
सासूला कळू नये, ही सोय मी विकत होतो,
मंजन आपलं सोबतीला जायचं.

बाळाप्पा कंग्राळकर, माझा भागीदार,
परत आलेले डबे पुसून नवे म्हणून विकायचा.
त्याला सोडताना अर्धी लिस्ट गेली.
नको होती ती अर्धी माझ्याकडे राहिली.

वर्षभर गप्प बसलेल्या गिऱ्हाइकांसाठी
मग एक युक्ती काढली:
‘तुमची आठवण येते. बऱ्या आहात ना?’
सहाशे प्रती.
दस्तगीर खिळे जुळवता जुळवता म्हणाला,
हे मात्र नेमकं बसवलंस.

यमकनमर्डीहून निंगव्वा मगदूमचं कार्ड आलं.
शाळकरी पोराचं अक्षर, काने सगळे वाकडे.
‘कार्ड पावलं. बरी हाय.
दात तीनच राहिलेत म्हणून मागवलं नाही, राग नसावा.
इकडं आलासा तर ऊटाला थांबा.
तुम्ही कसे हाय ते कळवा.’

खाली ऑर्डर नव्हती.
माझ्या रजिस्टरात रकाने चार:
मागणी, परत, पत्ता अपुरा, मयत.
पेनाचं टोपण काढून मी बसून राहिलो.
दिव्याभोवती किडे जमले, बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली.

पुढच्या बाजारच्या दिवशी लाल बसने गेलो.
एक डबाही नेला होता, कशाला कोण जाणे.
दाराला कडी. शेजारीण तांदूळ पाखडत होती,
म्हणाली, लेकीकडं गोकाकला गेलीय,
नाळे बर्री.
ह्या वेळी त्याचा अर्थ उद्या या, एवढाच होता.
दुसऱ्या दिवशी मला खानापूरला माल द्यायचा होता.
तिसऱ्या दिवशीही काहीतरी होतंच.

प्रज्वल आता एका बोटाने
चाळीस हजार लोकांना विचारतो, कसे आहात?
मी म्हटलं, आणि कुणी उलट तुलाच विचारलं तर?
त्याला ऑटो-रिप्लाय आहे, मामा.
काय लिहिलंयस त्यात?
तो फोन वर सरकवत राहिला, खाली सरकवत राहिला,
म्हणाला, बघून सांगतो.