तिसरी पाळी

एकवीस दिवस उरलेत.
भाग एक, भाग दोन, मिळून वीस धडे,
चाळीस आणि चाळीस गुण.
घर घणसोलीत, खोली दीड.

घरत बाई म्हणाल्या, वेळापत्रक आखा,
पण आधी बघा, आपलं डोकं कुठल्या वेळी चालतं.
मी आधी फ्रिजवरचा कागद बघितला,
चुंबकाखाली लावलेला,
पप्पांच्या कंपनीचा, पाळ्यांचा.

ऋतिकाने तिचं वेळापत्रक
वाशीहून लॅमिनेट करून आणलंय.
पहाटे पाच: उजळणी, हिरव्या चकाकत्या शाईत.
पाच वाजता त्यांच्या घरी सगळे झोपलेले असतात,
तीसुद्धा.

आमच्याकडे हा आठवडा तिसऱ्या पाळीचा.
पप्पा रबाळ्याहून आठला येतात,
दोनदा साबण लावून आंघोळ करतात,
आणि नऊ ते तीन झोपतात,
माझ्या अभ्यासाच्या बरोब्बर मध्ये, आडवे.

म्हणून धड्यांचे मी दोन ढीग केले:
आवाजाचे, बिनआवाजाचे.
भिंगांच्या किरणाकृती बिनआवाजाच्या.
गुरुत्वाकर्षणाची गणितं, फक्त पेन्सिलीएवढा आवाज.
प्राण्यांचे वर्गीकरण चालेल, आकृत्या काढत.
पण पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था
ही येरझाऱ्या घालत ओरडल्याशिवाय
मला आजवर एकदाही पाठ झालेली नाही.
ती पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या पाळीत,
दुपारी अडीच ते रात्री बारा घर मोकळं,
आई पिको-फॉलला बसलेली,
तिच्या मशीनच्या घरघरीवर मी काहीही म्हणू शकते.
शेवटचा आठवडा पहिल्या पाळीचा.
दहाला दिवा बंद.
त्यापुढे जिन्यातला बल्ब, तिसऱ्या मजल्याचा,
चौथ्याचा गेलाय, सोसायटीला कळवलंय.

‘शास्त्रीय कारणे द्या’ कुठे बसवायचे ते ठरेना.
शेवटी लिहिलं: कुजबुज.

गुरुवारी कुजबुजच चालली होती.
पुस्तक उलटं ठेवून, डोळे मिटून,
संहत आम्ल विरल करताना
आम्लात पाणी हळूहळू

“उलटं,”
चादरीतून आवाज आला.
“पाण्यात आम्ल. बारीक धारेने. ढवळत.”

मी विचारलं, कधीपासून जागे आहात?
म्हणाले, मेंडेलीव्हपासून.

मेंडेलीव्ह सकाळी दहाला झाला होता.

मग ते उठून बसले, चहा मागितला नाही,
बनियनवरच डावा हात पुढे केला.
मनगटावरचा तो पांढुरका डाग
मी इतकी वर्षं फोडणीचा समजत होते,
का ते आता सांगता येत नाही,
पप्पांनी फोडणी कधीच केलेली नाही.
“नवा होतो तेव्हा. घाईत होतो.”

मी म्हटलं, उष्मादायी प्रक्रिया.
ते म्हणाले, असेल.
आम्ही नुसतं भडकतं म्हणतो.

परत आडवे झाले. मी पुस्तक मिटलं.
तीन वाजेपर्यंत नेत्रगोल काढले, पाच,
त्यातला एक बरा.

रात्री सव्वादहाला डबा पिशवीत घालताना
त्यांनी भिंतीवरचा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला,
बोट फिरवत, रकाना रकाना,
स्वतःच्या पाळ्या माझ्या अक्षरात बघून
काही बोलले नाहीत.
मग एका चौकोनावर थांबले.
“हा रिकामा का? विसरलीस?”

म्हटलं, नाही. राहून गेलं काही,
चुकलं, ताप आला, तर.

“बरोबर आहे,” म्हणाले.
“टाकीपण आम्ही काठोकाठ भरत नाही.
वर जागा ठेवावी लागते.”

गाडीचा हॉर्न वाजला. चपलांचा आवाज
जिन्यात अंधाराच्या मजल्यापाशी जरा मंदावला,
मग खाली गेला.

रविवार, चार ते पाच.
अजून काही लिहिलेलं नाही.