किल्ली

क्लाक्सविकच्या धक्क्यावर दिवे लागलेत.
टॅबच्या काचेवर रान्वाची बोटं,
सुकटीच्या वासाची.

गोष्टीत सीलबाई चुलीपाशी, पोरं भोवती.
तिचं कातडं पेटीत,
पेटीची किल्ली नवऱ्याच्या जुन्या विजारीत,
आणि तो आज नवी घालून समुद्रावर.

किल्लीवर टिचकी मारली
की बाई कातडं पांघरते,
लाटेत शिरते,
पान उलटतं.

रान्वा किल्लीला हात लावत नाही.
मांजराला म्याव करायला लावते,
दिवा विझवते, पेटवते,
रश्शाला पुन्हा पुन्हा उकळी आणते.

"पुढे काय होतं ठाऊक आहे ना?"
"हो," ती म्हणते, "म्हणूनच."

दाराशी तिच्या आईचे गमबूट,
मागच्या हिवाळ्यापासून कोरडे.

बॅटरी चार टक्के.
मी चार्जर शोधायला उठतो.