नव्या लाइनी

अमळनेरच्या टेलिफोन एक्स्चेंजात
बत्तीस वर्षं बसले मी, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या.
जिनिंग प्रेस सत्तावीस, सरकारी दवाखाना चौदा,
कापूसवाले भंडारी एक्केचाळीस.
अजून झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

माझी थोरली बहीण कोकिळाक्का.
तिच्या बोर्डावरचे दिवे एकेक करून गेले:
आधी मिठाचा डबा, मग गल्ली, मग जावई.
शेवटी मला विचारायची, 'तू कोन शे व?'
मी सांगायची. ती मान डोलवायची,
पहिल्यांदाच आलेल्या पाहुणीपुढे डोलवावी तशी.
घंटी जात होती, उचलायला कोणी नव्हतं.

म्हणून धुळ्याच्या निकुंभ डॉक्टरांकडे गेले.
म्हटलं, मला सगळे नंबर पाठ आहेत, मला नाही ना होणार?
ते हसले नाहीत.
म्हणाले, जुनं पाठ असून भागत नाही, मावशी,
नव्या लाइनी टाका.
आणि आधी कान तपासून घ्या.

कान! माझे!
दोन महिने रुसून बसले.
मग घेतलं ते मशीन, भुईमुगाच्या दाण्याएवढं,
तेव्हा कळलं, शेजारची बेबाबाई
वर्षभर कुंपणावरून हाका मारत होती.

आता पहाटे पाचला आम्ही दोघी बोरीच्या पुलापर्यंत,
कारण सातला इथलं डांबर तापतं.
तिचा गुडघा, माझं प्रेशर;
दोघी मिळून एक धड बाई होतो.
उडदाच्या पापडांचा डबा पुतण्याकडे धाडला,
महिन्यात तीनदा परत मागितला.
कळण्याची भाकरी चालते. ठेच्यात मीठ चिमूटभरच,
म्हणजे तो ठेचा नव्हेच, पण खाते.

संध्याकाळी मेडिकलवाल्यांचा तन्मेश
मला बुद्धिबळ शिकवतो. वय वर्षं नऊ.
घोडा अडीच घरं का जातो, तीन आठवडे कळेना.
हरले, हरले, पुन्हा हरले.
काल त्याचा वजीर मारला. तो रडला.
मी त्याला चार बोरं दिली
आणि रात्री गाढ झोपले.

हमी नाही, हे निकुंभ स्पष्टच बोलले होते.
धोका कमी होतो, एवढंच. दिवा तरीही जाऊ शकतो.
कोकिळाक्काही चालायचीच की,
डोक्यावर हंडा घेऊन, रोज मैलभर.
हे कधी पुलावर आठवतं आणि पाय थांबतो.

'काय व्हयनं व?' बेबाबाई विचारते.
हळू विचारते, तरी ऐकू येतं.
'काही नही,' मी म्हणते, 'चाल.'