नमुना क्रमांक तेवीस

माझ्या प्रश्नावलीत शेहेचाळीस प्रश्न,
आणि रामबागेत वृंदाताई धारकरांकडे मोकळा पाट एकच.
त्यावर मी बसले. त्या उभ्याच,
खलातलं जिरावन चाळणीत ओतत,
नाकाला पदर.

प्रश्न एक : व्यवसायाचे स्वरूप.
"शिंका," म्हणाल्या. रामकन्या खुदकन हसली.
मी लिहिलं : मसाला उत्पादन, सूक्ष्म.

प्रश्न नऊ : सुरुवातीमागची प्रेरणा.
चाळणी थांबली.
"ह्यांची गिरणी बंद पडली त्या महिन्यात
घरात हिंग, काळं मीठ आणि मी,
एवढंच शिल्लक होतं."
माझे पर्याय अ, ब, क, ड.
मी 'इतर'वर खूण केली.
तेविसांतल्या एकवीस जणांची खूण तिथंच आहे
हे त्या रात्री वसतिगृहात लक्षात आलं.

दुसऱ्या खेपेला मी प्रयोगशाळेतला काटा नेला.
पुडीवर छापलंय दहा ग्रॅम.
निघाले साडेअकरा. पुन्हा साडेअकरा. एकदा तर बारा.
"हात आखडत नाही गं माझा. आईचाही नव्हता आखडत."
रोज चारशे पुड्या, दीड-दीड ग्रॅम,
मसाला किलोला अडीचशेला पडतो,
म्हणजे सव्वीस दिवसांत एकोणचाळीसशे रुपये
हातातून सांडतात
आणि साधी शिंकही येत नाही.

पुढचा रकाना : मालकाचे स्वतःचे श्रम.
तिथं त्यांनी आडवी रेघ मारली होती.
रामकन्येला अर्ध्या दिवसाचे दोनशे. "आणि तुमचे?"
"माझे कसले? मी घरचीच."
मी रेघ खोडली, चारशे मांडले, सव्विसांनी गुणलं.
अडुसष्टशेचा नफा
बघता बघता छत्तीसशेचा तोटा झाला.
वृंदाताई कागदाकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"म्हणजे सोळा वर्षं मी कुणाकडे कामाला होते?"

शेहेचाळिसांत हा प्रश्न नव्हता.

मी घाईघाईनं उपाय काढला :
मापाचा चमचा, सपाट भरायचा,
एकोणचाळीसशेतून छत्तीसशे गेले,
तोटा मिटून वर तीनशे उरतात, बघा!
त्यांनी माझ्या पिशवीत वीस पुड्या टाकल्या.
"छावणीत जा. विकून ये. मग लिही."

सकाळी सातपासून पोह्यांच्या गाड्यांपुढे मी.
'नमस्कार, मी संशोधन करते'
म्हटलं की लोक जलेबीकडे वळायचे.
भेरूलालनं पुडी उघडली नाही,
वास घेतला नाही, किंमत विचारली नाही.
तळहातावर ठेवून नुसती तोलली,
"ये तो बाईजी का है," म्हणाला, आणि चार घेतल्या.
तो दीड ग्रॅम कुठं जातो
ते मला तिथं दिसलं.

तरी साडेदहापर्यंत खपल्या सातच.
पाय दुखत होते. पायांचा रकानाही नव्हता माझ्याकडे.

चमचा आता आहे. पितळेचा,
कसेरा बाजारातून घडवून आणलेला.
त्यात दहा मावत नाहीत, अकरा मावतात.
माझी भुवई वर गेली, तर म्हणाल्या,
"तो एक ग्रॅम जाहिरात खात्यात लिही.
तूच शिकवलंस ना, सगळं लिहायचं."
एक तारखेला त्या स्वतःला पाकीट देतात.
चार हजारांचंच, अजून पुरं नाही.
देणार वृंदा, घेणार वृंदा,
मध्ये रामकन्या साक्षीदार, तिचा अंगठा.

माझ्या प्रबंधात त्यांचं नाव नाही, तसा नियम आहे.
उरलेल्या तेरा पुड्या कपाटात, कागदांच्या गठ्ठ्याशेजारी.
सर म्हणतात, पाचवं प्रकरण जरा पसरट झालंय,
आणि पान उलटताना
त्यांना शिंक येते.