बुधवारची दाढी

बुधवारी सकाळी सातला मला बाहेर सोडतात.
फाटकावर सही, खिसे उलटे, बूट काढून झटकायचे,
मग ग्दान्स्कची पहिली रिकामी ट्राम,
आणि बाल्टिकचा खारा वास येतो त्या वळणावर
विटांचं बसकं घर.
नऊ खाटा, एक स्वयंपाकघर,
देणगीच्या डब्याशेजारी बरणीत डॅफोडिलं.

पहिल्या दिवशी सिस्टर किंगाने
माझ्या हातात वस्तरा ठेवला.
मी तिच्याकडे बघत राहिलो.
तुरुंगात चमचेसुद्धा मोजून देतात, मोजून घेतात.
ती म्हणाली, पाणी कोमट घे,
आणि गालाच्या खड्ड्यात जरा जपून.
एवढंच.

तीन नंबरच्या खाटेवर बोगुमिल.
गोदीत चाळीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस,
आता त्याचं डोकं उचलून उशी सरकवावी लागते.
दुखणं हाडांत उतरलेलं.
दर चार तासांनी औषध, मोजून, थेंब थेंब
(इथे मोजतात ते एवढंच).

मी फेस लावत होतो, तेव्हा त्याने विचारलं,
"किती वर्षं?"
"सात. तीन झाली."
"काय केलंस?"
दारू पिऊन ट्रक चालवला, म्हटलं.
सायकलवर एक माणूस होता.
थांबलो नाही.

वस्तरा त्याच्या गळ्याशी होता.
त्याने हनुवटी आणखी वर केली.
"इथे राहिलंय थोडं. कानाखाली."

मग बऱ्याच वेळाने, हातातल्या आरशात बघत,
"म्हणजे तुझ्याआधी मी सुटणार,"
असं म्हणाला आणि हसला,
हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचं पुन्हा हसू.

त्याची बायको यादविगा रोज बीटाचं सूप आणायची,
टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं, ट्राममध्ये मांडीवर.
तो दोन चमचे घ्यायचा. मग एक.
मग नुसते ओठ ओले.
पातेलं मात्र तेवढंच भरलेलं.
"कमी करायला हात धजत नाही," ती म्हणाली.
सिस्टर किंगा तिला काही समजावत बसली नाही.
मला स्वयंपाकघरात बसवलं, समोर वाडगा ठेवला.
मी जेवायचो, यादविगा बघायची.
वर आंबट मलई, तळाशी अख्खी मिरी.
तीन वर्षांत माझ्याकडे जेवताना
कोणी असं बघितलं नव्हतं.

एका बुधवारी तो बोलला नाही.
श्वास यायचा, थांबायचा,
मधल्या जागेतून एक ट्राम जाईल एवढा थांबायचा.
नॉर्वेहून आलेला मुलगा दारातच उभा, अंगात कोट.
"कोट काढ," सिस्टर म्हणाली, "ऐकू येतं त्यांना. बोल."
मुलगा हवामानाबद्दल बोलला.
मग रस्त्यावरच्या बर्फाबद्दल.
मग त्याला शब्द सुचेनात, म्हणून तो बापाची नखं कापू लागला.

चारला मला गणतीला हजर व्हायचं होतं.
सिस्टरने तुरुंगात फोन लावला,
भांडली बहुतेक. अर्धा तास मिळाला.

मी बोगुमिलचा हात धरून बसलो.
त्या रात्री रुग्णवाहिका यायला अकरा मिनिटं लागली होती,
कोर्टात वाचून दाखवलं होतं,
तेव्हा तो नुसता आकडा वाटला.
भिंतीवरच्या घड्याळात मी अकरा मिनिटं पाहिली.
फार मोठी असतात.
एका माणसाला त्यांत कितीतरी वेळा
कुणाचा तरी हात शोधता येईल.

पुढच्या बुधवारी तीन नंबरवर नवी चादर,
चादरीत भूगोलाचे एक निवृत्त मास्तर, दाढी आठवड्याची.
आणि स्वयंपाकघरात यादविगा,
मांडीवर टॉवेल.

"सुटले," मी म्हटलं.
दुसरा शब्द सापडला नाही.
"गुरुवारी पहाटे," ती म्हणाली. "गाल गुळगुळीत होते."
मग म्हणाली, "बस. गार होतंय."

मी बसलो.
तिने झाकण काढलं.
पातेलं तेवढंच भरलेलं होतं.