सतरा वर्षांखालच्यांसोबत पालक हवा

तिकीटखिडकीतल्या पोरीने विचारलं,
"यांच्यासोबत मोठं कोण आहे?"
तेव्हा त्या आठवड्यात पहिल्यांदाच
निनादने माझ्याकडे बोट केलं : "ही."
आई नाही म्हणाला. ही.

कॅलमझू, मिशिगन. शुक्रवारचा रात्री नऊचा खेळ.
पार्किंगमध्ये मळक्या बर्फाचे ढिगारे,
आत चार पोरं, एक मी,
आणि अट एकच : तू मागे बस. खूप मागे.
बसले. शेवटून दुसरी रांग, कोट मांडीवर,
पर्समध्ये घरून लपवून आणलेले खारे शेंगदाणे.

सिनेमा असा :
कॉलेजातले तीन टोणगे काकाची गाडी पळवतात,
ओहायोहून निघतात थेट समुद्राकडे.
कशासाठी, ते इथे लिहीत नाही.
आमच्याकडे त्याला "तसलं" म्हणतात
आणि चहा टाकायला उठतात.
वाटेत एकाची पँट हरवते. मग तिघांची.
मग एक बकरी येते.

माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं,
नावात हायवे बघून आलेलं,
डोंगरदऱ्या बघायला मिळतील म्हणून.
आजोबांनी दहा मिनिटांत दोनदा घसा खाकरला.
आजीबाईंनी त्यांच्या मांडीवरचा पॉपकॉर्नचा डबा
आपल्याकडे ओढला
आणि चष्मा नीट पुसून घेतला.
डावीकडे एक ट्रकवाला, दर वळणाला पुटपुटणारा,
"अरे, हा रस्ता तिकडे जातच नाही!"
उघड्या पोरांचं त्याला काही नाही,
संताप सगळा नकाशाचा.
कोपऱ्यात पहिल्यांदाच भेटलेली दोघं,
खुर्चीच्या एकाच हातावर दोन कोपरं, मध्ये चार बोटं अंतर,
हसावं की नाही
हे एकमेकांकडे न बघता ठरवत होती.
एक बाई तरातरा उठून गेली,
दार आपटायचं होतं तिला,
पण ते थिएटरचं दार. हळूच मिटलं.

आणि मग पोलीस चौकी.
फौजदार विचारतो, पुरावा कुठे आहे?
तीन पोरं, कमरेला वर्तमानपत्रं गुंडाळलेली,
बकरीकडे बघतात.
बकरी ढेकर देते. टेबलावर पडतं
पट्ट्याचं बक्कल.

मी हसले.
फार्मसीत गिऱ्हाइकासमोर हसते तसं नव्हे,
ते दातांपर्यंतच असतं.
हे पोटातून निघालं, नाकातून फुटलं,
शेंगदाणा घशात, डोळ्यांत पाणी.
चिपळूणला पापड लाटायला बसलो
की कुमुदआत्या उठून दाराला कडी घालायची
आणि सुरू करायची तिचे ते उखाणे,
नवऱ्याचं नाव घेता घेता
भलतंच काही घेणारे.
तेव्हा हसायचे तसं. लाटणं फेकून देऊन,
पिठाच्या हातांनी तोंड दाबून.
एकोणीस वर्षं कुठे होतं हे हसू?

विनोद संपला, हॉल शांत झाला,
मी एकटीच चालू.
पाच रांगा पुढे निनादचं डोकं
खुर्चीत खाली खाली गेलं,
विहिरीत कळशी बुडावी तसं.
त्याचा मित्र डेशॉन मागे वळून म्हणाला,
"तुझी आई भारी आहे, यार."
म्हणाला इंग्रजीत. मी मराठीत ऐकलं.

पोरं एकेक करून आपापल्या घरी उतरली.
मग नुसता हीटर, नुसते वायपर.
शेवटच्या सिग्नलला तो म्हणाला,
"तू बकरीला हसलीस."
"हो."
"सगळ्यात पांचट जोक होता तो."
"हो."
हिरवा लागला. मी निघाले नाही. मागे कुणी नव्हतंच.
तो खिडकीकडे तोंड करून, खांदे हलताहेत.
रडतोय की काय, माझ्या पोटात गोळा.
तर नाकातून आला तोच आवाज,
कडी घातलेल्या दाराआडचा,
जो त्याने कधी ऐकलेला नाही.

सिग्नल परत लाल झाला.
"शेंगदाणे उरलेत का गं?" तो म्हणाला.